सामाईक शीतजल, इमारतीचा चिलर की घरोघरी एसी: नव्या शहरी वसाहतीसाठी तुलनात्मक आढावा

शंभर-दीडशे एकरांवर कार्यालये, रुग्णालय, मॉल आणि निवासी इमारती अशी मिश्र वसाहत आखली जाते, तेव्हा रस्ते, पाणी, मलनिस्सारण आणि वीज यांचे आराखडे पहिल्याच टप्प्यात तयार होतात. गारव्याचा आराखडा मात्र कोणीच करत नाही. तो प्रश्न प्रत्येक इमारतीच्या सल्लागारावर आणि शेवटी गाळा किंवा सदनिका घेणाऱ्यावर सोडून दिला जातो. हा आढावा अशा वसाहतीचे नियोजन करणारे विकासक आणि महापालिकेचे किंवा नियोजन प्राधिकरणाचे अधिकारी यांच्यासाठी आहे. त्यांच्यासमोर प्रत्यक्षात तीन पर्याय असतात. पहिला, घरोघरी स्प्लिट एसी आणि कार्यालयांत व्हीआरएफ, म्हणजे एका बाह्य युनिटवर अनेक खोल्यांतली यंत्रे चालवणारी एसी यंत्रणा. दुसरा, प्रत्येक इमारतीचा स्वतःचा, पाण्याने थंड होणारा चिलर प्लँट, म्हणजे इमारतीत फिरवायचे पाणी गार करणारी यंत्रे. आणि तिसरा, एका ठिकाणी पाणी थंड करून ते जमिनीखालच्या पाइपांतून सगळ्या इमारतींना पुरवणारे सामाईक शीतजल जाळे, म्हणजेच डिस्ट्रिक्ट कूलिंग. गॅसवर वीज आणि गारवा दोन्ही तयार करण्याचा चौथा पर्यायही अनेकदा सुचवला जातो. त्याचा हिशेब पुढे स्वतंत्र मांडला आहे.

तिसरा पर्याय आपल्याकडे केवळ कागदावरचा राहिलेला नाही. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तो प्रत्यक्ष चालू आहे. पहिल्या टप्प्यात १०,००० टन (टन हे गारव्याच्या क्षमतेचे माप, पुढे समजावले आहे) आणि अंतिमतः १,८०,००० टन अशी तिथली आखणी असून शीतजलाच्या वाहिन्या वीज आणि दूरसंचाराच्या तारांबरोबर एकाच भुयारी मार्गातून नेल्या आहेत. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या शहरी ऊर्जा उपक्रमात भारतातल्या ज्या पाच शहरांची प्राथमिक पाहणी झाली, त्यांत राजकोट, भोपाळ आणि कोइंबतूरबरोबर पुणे आणि ठाणेही होते.

कोपनहेगनचा दाखला कुठे थांबतो

या विषयावरच्या सादरीकरणांत कोपनहेगन हमखास असते. तिथल्या उष्णतेच्या गरजेचा जवळजवळ सगळा, म्हणजे सुमारे ९८ टक्के भाग सामाईक जाळ्यातून भागतो, आणि त्यामागे १९७९ च्या उष्णता पुरवठा कायद्यापासून चालत आलेले सक्तीचे नियोजन आहे. मात्र तिथले गणित जसेच्या तसे गारव्याला लावले तर ते फसते. गरम पाणी ८० अंशांच्या आसपास जाते आणि ४० अंशांना परतते, म्हणजे फरक ४० अंशांचा. शीतजल ५ ते ६ अंशांना जाते आणि १३ ते १४ अंशांना परतते, म्हणजे फरक जेमतेम ८ अंशांचा. तेवढीच ऊर्जा वाहून नेण्यासाठी शीतजलाला पाचपट पाणी, म्हणून जाड पाइप, रुंद चर आणि मोठे पंप लागतात. उष्णतेचे जाळे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत परवडते. गारव्याचे जाळे प्लँटपासून एक-दोन किलोमीटरच्या आत, दाट वस्तीतच परवडते. जवळ आयते थंड पाणी असेल तर गोष्ट वेगळी: टोरांटो ऑन्टारियो सरोवराच्या ८३ मीटर खोलीवरून ४ अंशांचे पाणी घेते आणि पॅरिसचे जाळे सीन नदीचा उपयोग करते. मुळा-मुठेच्या किंवा ठाणे खाडीच्या पाण्यात अशी सोय नाही, त्यामुळे महाराष्ट्राने पाहायचे ते सिंगापूरच्या मरीना बेकडे, जिथे उष्ण आणि दमट हवेत दाट कार्यालयीन भागापुरते जाळे चालवले जाते.

एक टन गारव्याला किती वीज

वातानुकूलनातला टन म्हणजे ३.५ किलोवॉट उष्णता उपसण्याची क्षमता. चांगला सेंट्रिफ्यूगल चिलर पूर्ण भारावर टनामागे सुमारे ०.६ किलोवॉट वीज घेतो. पंप आणि कूलिंग टॉवर (थोड्या पाण्याची वाफ करून चिलरची उष्णता हवेत सोडणारा मनोरा) धरले की संपूर्ण प्लँट ०.७५ ते ०.८५ वर येतो. सामाईक जाळ्यात यावर वितरणाच्या पंपांची वीज चढते. व्हीआरएफ आणि स्प्लिट हवेने थंड होणारे असल्यामुळे भर उन्हात टनामागे एक किलोवॉट किंवा त्याहून जास्त घेतात. कमी भारावर मात्र इन्व्हर्टर यंत्रे चांगली चालतात, हे मान्य केले पाहिजे.

येथे विक्रेते एक गोष्ट हातचलाखीने पुढे सरकवतात. सामाईक जाळ्याची तुलना ते नेहमी जुन्या स्प्लिट एसीशी करतात, तर त्याचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे नीट चालवलेला इमारतीचा प्लँट. यंत्राच्या पातळीवर या दोघांत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो दोन कारणांनी. पहिले कारण चालवण्याचे: इमारतीचा प्लँट बहुधा देखभालीचे सर्वांत स्वस्त कंत्राट घेणाऱ्याच्या हाती जातो, कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार साचतात, सगळे पंप दिवसभर पूर्ण वेगाने फिरतात आणि ०.८ चा प्लँट दोन-तीन वर्षांत १.२ वर जातो. शीतजल विकणाऱ्या कंपनीला तो अपव्यय स्वतःच्या नफ्यातून भरावा लागतो, म्हणून ती लक्ष ठेवते. दुसरे कारण मागणीच्या वेळांचे: कार्यालयांची कमाल मागणी दुपारी तीन-चारला, मॉलची संध्याकाळी, हॉटेलची रात्री. प्रत्येक इमारतीने आपल्या कमाल मागणीपुरते, शिवाय एक राखीव यंत्र बसवले की एकूण बेरीज १०,००० टनांची होते. सामाईक प्लँटला त्याच इमारतींसाठी ७,००० ते ८,००० टन पुरतात.

हवामानही निकाल फिरवते. पाण्याने थंड होणाऱ्या यंत्राची कार्यक्षमता ओल्या तापमापीच्या तापमानावर, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी किती थंड होऊ शकते यावर ठरते, म्हणून मे महिन्यातल्या नागपुरात, जिथे पारा ४५ अंशांकडे जातो पण हवा कोरडी असते, अशा यंत्रांचा लाभ सर्वाधिक असतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तो आक्रसतो.

पाणी आणि गॅसगळती

कूलिंग टॉवर पाणी पितो. टनामागे दर तासाला सुमारे ६ लिटर पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार काढण्यासाठी सोडावे लागणारे पाणी धरून ८ लिटर लागते. ५,००० टनांचा प्लँट निम्म्या भारावर दहा तास चालला तर दिवसाला दोन लाख लिटर पाणी लागेल. ज्या भागांत उन्हाळ्यात सोसायट्या टँकरवर जगतात, तिथे एवढे पिण्याचे पाणी मागणारा प्रस्ताव मंजूर होऊ नये. प्रक्रिया केलेले सांडपाणी हाच त्याचा स्रोत असायला हवा. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते, त्यामुळे हे अशक्य आहे असे म्हणायला जागा नाही. मात्र असे पाणी टॉवरपर्यंत पोहोचण्याआधी त्यावर आणखी एक प्रक्रिया करावी लागते, आणि विखुरलेल्या वीस प्लँटपेक्षा एका प्लँटवर ती करणे सोपे जाते.

व्हीआरएफचा दोष वेगळा आहे. त्याच्या तांब्याच्या नळ्या मजल्यांमधून शेकडो मीटर फिरतात आणि जोडांतून शीतक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा वायू, गळतो. एखाद्या इमारतीत आर-४१०ए हा शीतक १०० किलो आहे आणि वर्षाला ५ टक्के गळती होते असे धरले, तर त्या ५ किलोंचा तापमानवाढीवरचा परिणाम १० टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो, कारण या वायूचा तापमानवाढ निर्देशांक २,०८८ आहे, म्हणजे तो कार्बन डायऑक्साइडच्या तितके पट तापमान वाढवतो. देशातल्या ग्रिडच्या विजेतून एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, या हिशेबाने ही गळती जवळजवळ १५,००० युनिटांच्या बरोबरीची ठरते, आणि ती कोणत्याही वीजबिलात दिसत नाही. आर-३२ या नव्या शीतकाचा निर्देशांक ६७५ असल्याने नुकसान कमी होते, संपत नाही.

साठवण: रात्रीच्या बर्फाचा काळ सरला

पूर्वीचे सल्लागार रात्री स्वस्त विजेवर बर्फ किंवा थंड पाणी तयार करून दिवसा वापरण्याचा आग्रह धरत. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनी हे चित्र उलटवले आहे: सौर तासांत विजेचा दर किमान २० टक्क्यांनी कमी आणि कमाल मागणीच्या तासांत व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी किमान १.२ पट. म्हणजे आता गारवा साठवायचा तो दिवसा, ग्रिडमध्ये सौर वीज मुबलक असताना, आणि वापरायचा सूर्यास्तानंतर. २० मीटर व्यासाची आणि १३ मीटर उंचीची टाकी सुमारे ४,००० घनमीटर पाणी धरते. आठ अंशांच्या फरकावर त्यात १०,००० टन-तासांचा (एक टन क्षमता तासभर चालवली की एक टन-तास) गारवा मावतो, म्हणजे संध्याकाळी २,५०० टनांचा भार चार तास चिलर न लावता पेलता येतो आणि ग्रिडवरची पावणेदोन मेगावॉट मागणी टळते. एवढी टाकी एकट्या इमारतीला जागेअभावी शक्य नसते. कार्बनच्या दृष्टीने सामाईक जाळ्याची खरी ताकद मला चिलरच्या कार्यक्षमतेपेक्षा या टाकीत दिसते, आणि टाकीविना आलेला प्रस्ताव परत पाठवावा असे माझे मत आहे.

गच्चीचा प्रश्नही यातच येतो. एक किलोवॉट सौर पॅनेलला सुमारे १० चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. त्या जागेवर व्हीआरएफची बाह्य युनिटे किंवा कूलिंग टॉवर उभे राहिले की पॅनेल तेवढे कमी होतात. शीतजल घेणाऱ्या इमारतीची गच्ची मोकळी राहते. तरीही वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून तिच्या वातानुकूलनाची वीज निघेल, अशी आशा ठेवू नये.

गॅसवरचा संयुक्त प्लँट

नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमध्ये ढोबळमानाने १० युनिटे ऊर्जा असते आणि ती जाळल्यावर २ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. चांगले इंजिन त्यातून ४ युनिटे वीज आणि आणखी ४ युनिटांची उपयोगी उष्णता देते. ती उष्णता साध्या, विजेऐवजी उष्णतेवर चालणाऱ्या अ‍ॅब्सॉर्प्शन चिलरला दिली तर ०.८ टन-तास गारवा मिळतो, जो विजेच्या चिलरने अर्ध्या-पाऊण युनिटात केला असता. म्हणजे २ किलो उत्सर्जनाला साडेचार युनिटांचे काम, युनिटामागे ०.४४ किलो. आजच्या ग्रिडपेक्षा हे बरे, पण दुपारच्या सौर विजेपेक्षा वाईट. आणि ग्रिड दरवर्षी स्वच्छ होत असताना वीस वर्षे चालणारे इंजिन त्याच जागी अडकून राहते. वाफ आणि गरम पाणी बाराही महिने लागणारे मोठे रुग्णालय सोडले तर मी याची शिफारस करणार नाही. हॉटेलांच्या गरम पाण्यासाठी चिलरने बाहेर टाकलेली उष्णता हीट पंपाने वर उचलणे स्वस्त पडते, आणि घरांना गच्चीवरचा सौर बंब पुरतो.

कोणी काय निवडावे

निवासी इमारतींसाठी सामाईक शीतजल नको. आपल्याकडच्या घरात एसी एका-दोन खोल्यांत, रात्री आणि वर्षातले तीन-चार महिने चालतो. एवढ्याशा वापरासाठी बारा महिने पाणी फिरते ठेवायचे आणि क्षमतेचे भाडे भरायचे, हे परवडत नाही. दुबईत घर कुलूपबंद असले तरी क्षमतेचे भाडे चुकत नाही, पण तिथे वापरही वर्षभराचा असतो. घरांसाठी पंचतारांकित इन्व्हर्टर स्प्लिट, जुन्या ७५ वॉटच्या पंख्यांऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, आणि त्याआधी पश्चिमेच्या भिंतीला सावली व गच्चीला उष्णतारोधक थर. निवासी इमारतींसाठीच्या इको निवास संहितेत बाह्य कवचातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॉट आहे. ती पाळली तर यंत्राचा आकारच घटतो.

कार्यालये, मॉल, रुग्णालय आणि हॉटेल एक-दीड किलोमीटरच्या आत असतील, त्यांतल्या निम्म्या इमारती पहिल्या पाच वर्षांत भरणार असतील आणि रस्ते अजून खोदायचे असतील, तर सामाईक जाळे घ्यावे. यांतली एकही अट पूर्ण होत नसेल तर इमारतीचा प्लँट बरा. दोनच पूर्ण होत असतील तर इमारती शीतजलासाठी तयार ठेवून रस्त्याखाली वाहिनीची जागा राखावी. व्हीआरएफ लहान, उशिरा भरणाऱ्या, मजल्यागणिक वेगळे मालक असलेल्या इमारतींसाठी ठीक आहे.

करारातली कलमे

विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवतो. शीतजलाच्या दराला आपल्याकडे असा नियामक नाही, म्हणून सगळे संरक्षण करारातूनच घ्यावे लागते. शीतजलाचे शुल्क दोन भागांत येते: क्षमतेचे, टनांवर, आणि वापराचे, टन-तासांवर. इमारतीचा सल्लागार सुरक्षिततेसाठी क्षमता फुगवून लिहितो आणि त्याची किंमत गाळेधारक वीस वर्षे भरतात. म्हणून पहिल्या दोन उन्हाळ्यांतील प्रत्यक्ष मोजणीनंतर करारातील क्षमता एकदा कमी करून घेण्याचा हक्क हवा. दरवाढ वीजदराशी जोडायची असेल तर टनामागे किती वीज, हा आकडा आधी गोठवावा, नाहीतर प्लँटचा ढिलेपणाही ग्राहकाच्या बिलात येतो.

उलट बाजूने पुरवठादार परतीच्या पाण्याच्या तापमानाची अट घालेल, आणि ती रास्त आहे. इमारतीतले व्हॉल्व्ह बिघडून फरक आठ अंशांवरून पाच अंशांवर आला, तर तेवढ्याच गारव्यासाठी ६० टक्के जास्त पाणी फिरवावे लागते, पंपांची वीज त्याहून वेगाने वाढते आणि टाकीची साठवण आठास पाच या प्रमाणात घटते. हा दंड कोणी भरायचा ते ठरवण्यासाठी प्रत्येक इमारतीच्या उष्णता-विनिमयकावर (जिथे जाळ्यातले पाणी इमारतीतल्या पाण्यात न मिसळता त्याला गार करते) जाण्या-येण्याच्या दोन्ही तापमानांची आणि प्रवाहाची नोंद ठेवणारा बीटीयू मीटर असावा, आणि त्याच्या नोंदी पुरवठादाराप्रमाणेच सोसायटीच्या किंवा गाळेधारक संघाच्या हातीही थेट याव्यात.