‘लिट्ल विमेन’: ऑस्करविजेती वेशभूषा आणि मोकळे केस

ग्रेटा गर्विग यांच्या २०१९च्या ‘लिट्ल विमेन’ला वेशभूषेचे ऑस्कर मिळाले आणि कपड्यांपुरते बोलायचे तर वेशभूषाकार जॅकलिन दुरान यांना ते मिळाले याबद्दल माझे काही म्हणणे नाही. चार मार्च बहिणींपैकी जो आणि तिचा शेजारी मित्र लॉरी यांची जाकिटे अदलाबदल होत दोघांच्याही अंगावर दिसतात, आणि त्यांची मैत्री वेगळी सांगावी लागत नाही. माझी तक्रार आहे ती केसांबद्दल.

कथा १८६०च्या दशकातली, अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातली. त्या समाजात मुलगी वयात आली की तिचे केस वर बांधले जात, झग्याची लांबी वाढे आणि घराबाहेर पडताना डोक्यावर बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची टोपी, असे. ‘केस मोकळे सोडून हिंडू नकोस’ हे आजीचे बोल ऐकलेल्यांना हा दंडक समजावून सांगण्याची गरज नाही. चित्रपटात मात्र मोठ्या झालेल्या बहिणीही कित्येक प्रसंगांत बोडक्या डोक्याने, वाऱ्यावर भुरभुरणाऱ्या केसांनी वावरतात.

काळाचा काटेकोरपणा हा केवळ अभ्यासकांचा हट्ट आहे, असे कोणी म्हणेल, पण येथे नुकसान कथेचेच होते. लुइझा मे ऑल्कॉट यांच्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात थोरली बहीण मेग जोला बजावते की, आता तू उंच झालीस, केस वर बांधू लागलीस, तेव्हा पोरकटपणा सोड. त्यावर पंधरा वर्षांची जो डोक्यावरची जाळी ओढून काढते आणि विसाव्या वर्षापर्यंत दोन वेण्याच घालण्याची धमकी देते. पुढे आजारी वडिलांसाठी ती तेच केस पंचवीस डॉलरना विकते. सगळ्याच बहिणींचे केस मोकळे असतील, तर जोचे बंड उठून कसे दिसणार? केस कापल्याचा प्रसंग जो साकारणाऱ्या सर्शा रोनन यांच्या अभिनयामुळे चटका लावतो, हे खरे. वेशभूषा आणि केशभूषेची साथ मात्र त्याला अपुरी पडते.

दुरान यांनीच २०१२च्या ‘ॲना कॅरेनिना’मध्ये १८७०च्या दशकातल्या पोशाखांत १९५०च्या फॅशनची वळणे उघडपणे मिसळली होती. तो चित्रपट बराचसा नाट्यगृहातच घडत असल्याने ते सोंग शोभून गेले. येथे घर, अंगण, बर्फ सारे खरेखुरे वाटावे असा आग्रह आहे, म्हणून सुटे केस खटकतात. पॅरिसमधल्या धाकट्या बहिणीचा, एमीचा, वर बांधलेला केशसंभार आणि नेटके पोशाख पाहिले की, या चमूला रिवाज पुरेपूर ठाऊक होते, याची खात्री पटते.