सोमवारचं पत्रक: आमच्या कॉलेजची नवी सूचना सेवा, एक सेमिस्टर वापरून

जूनपासून आमच्या कॉलेजनं सूचना आणि बातम्या द्यायची पद्धत बदलली, आता पहिलं सेमिस्टर संपलंय म्हणून लिहितोय. मी नाशिकमध्ये सीएचबीवर भूगोल शिकवतो, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत धावपळ करत, त्यामुळे सूचना वेळेवर नाही मिळाली की काय होतं ते मी स्वतः भोगलंय आणि पोरांकडून तर रोज ऐकतो. आपल्याकडे कॅन्टीनच्या मिसळीवर पानंच्या पानं लिहितात लोक, पण ज्या गोष्टीवर पोराचं वर्ष अडकतं तिच्यावर कुणी लिहीत नाही.

आधी कसं होतं ते सांगितल्याशिवाय आत्ताचं कळायचं नाही. ऑफिसबाहेर काचेचं कपाट, किल्ली भाऊसाहेबांकडे, ते रजेवर गेले की कपाट बंद. आत एकावर एक टाचलेल्या नोटिसा, गेल्या वर्षीची कबड्डीच्या निवडीची वर आणि या वर्षीच्या परीक्षा फॉर्मची तिच्याखाली अर्धी झाकलेली. बाकी सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. माझ्या फोनमध्ये नुसते कॉलेजचे ९ ग्रुप होते, वर्गाचा वेगळा, विभागाचा वेगळा, एनएसएसचा वेगळा, आणि सगळ्यांत तीच सात पानी पीडीएफ, वाकडी स्कॅन केलेली. स्कॅन म्हणजे शेवटी फोटोच, त्यात शब्द टाकून काही शोधता येत नाही, तारीख कुठंय ते बोटांनी मोठं करकरून बघायचं, आणि तोवर खाली ‘ओके सर’, ‘नोटेड मॅडम’ असे चाळीस मेसेज येऊन मूळ नोटीस कुठल्या कुठे वर गेलेली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. सुरगाण्याच्याही पुढच्या एका पाड्यावरचा मुलगा, एस.वाय.ला, भात कापायला घरी गेला होता. तिकडे रेंज यायची तर टेकडीवर चढावं लागतं. आठ-दहा दिवसांनी तो परत आला, सकाळच्या पहिल्या एसटीनं नाशिकच्या सीबीएस स्टँडवर उतरून सरळ कॉलेजात, पिशवी खांद्यावरच, आणि खिडकीवर कळलं की परीक्षा फॉर्मची तारीख शुक्रवारीच संपली, आता लेट फी. त्यानं मला फोन दाखवला. नोटीस आलेली होती, पण फाइल डाउनलोडच झालेली नव्हती, नुसतं गोल गोल फिरत होतं. तो भांडला नाही काही. मेसचे पैसे मोजून खिडकीत दिले आणि मला म्हणाला, “सर, तारीख नुसती मेसेजमधी लिहिली असती तं बहिणीला सांगून भरला असता ना मी.” त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण नोटीस ग्रुपवर पुढे ढकलणाऱ्यांत मीपण होतो आणि मीही वर एक ओळ टाइप केली नव्हती.

आता नवी पद्धत. दर सोमवारी सकाळी ८ वाजता एक पत्रक येतं. पीडीएफ नाही, फोटो नाही, साधा टाइप केलेला मजकूर, युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसतो, जुन्या फॉन्टमधल्या पत्रासारखी अक्षरांची चटणी होत नाही. जास्तीत जास्त दहा-बारा बाबी. प्रत्येक बाबीत आधी कुणासाठी आहे ते, मग शेवटची तारीख, मग काय करायचं आणि कुठल्या खिडकीवर कुणाला भेटायचं. बस. ‘सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की’ हे वाक्य पूर्ण काढून टाकलंय, त्या एका गोष्टीसाठीच मी ह्या लोकांना मनापासून धन्यवाद देईन. ग्रंथालयातल्या एक मॅडम आणि तीन विद्यार्थी मिळून ते तयार करतात, ज्याला काही छापायचंय त्यानं शनिवारी दुपारपर्यंत त्यांच्याकडे द्यायचं, आणि आलेला मजकूर ते तसाच चिकटवत नाहीत, समजेल असा करून घेतात, नाही समजला तर ऑफिसात जाऊन विचारतात. खरं काम ते विचारण्याचंच आहे.

एक उदाहरण देतो. एबीसी आयडी काढा, एबीसी आयडी काढा म्हणून गेली दोन वर्षं इंग्रजीतल्या नोटिसा फिरतायत. पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा हा नंबर, पण अर्ध्या वर्गाला ते क्रेडिट बँकेचं प्रकरण काय तेच माहीत नव्हतं. जुलैतल्या पत्रकात ते असं आलं: डिजिलॉकर उघडा, आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव सारखंच आहे का आधी बघा, नसेल तर पहिले ते दुरुस्त करायला टाका, १२ आकडी नंबर मिळेल तो वहीत लिहा, आयडी नसेल तर तुमची क्रेडिट्स खात्यात जमा होणार नाहीत. पाच ओळी. दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला मुली एकमेकींच्या आधारवरची स्पेलिंग तपासत बसल्या होत्या, मी पाच मिनिटं तास थांबवला आणि बघू दिलं.

‘कुणासाठी’ हे आधी लिहिणं आता किती गरजेचं झालंय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पूर्वी ‘एस.वाय.बी.ए.’ म्हटलं की झालं, सगळा वर्ग एकच. नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत आलं, आता एका सेमिस्टरला २२ क्रेडिट्स आणि त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), कौशल्याचे व्हीएससी आणि एसईसी असे डबे, शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन पोरांचं वेळापत्रक वेगळं. मेजर भूगोल असलेला पोरगा ओपन इलेक्टिव्हला कॉमर्सच्या इमारतीत जातो, मग त्याची अंतर्गत परीक्षा कुठे लागलीय हे त्याला भूगोल विभागातून कसं कळणार? पत्रकात विषयाचा कोड आणि खोली नंबर दोन्ही असतात. सप्टेंबरमध्ये अंतर्गत परीक्षेला चुकून गैरहजर राहिलेले माझ्या विषयाचे फक्त दोन होते, आधी असे दहा-बारा तरी निघायचे आणि त्यांची फेरपरीक्षा घेता घेता आमचा आठवडा जायचा.

शिष्यवृत्तीचं पण सांगतो. महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर भरलेल्या अर्जात काही चूक निघाली की तो विद्यार्थ्याच्या लॉगिनला परत येतो, पण पुष्कळ पोरांनी फॉर्म सायबर कॅफेत भरलेला असतो आणि मोबाइल नंबर कॅफेवाल्यानं स्वतःचाच टाकलेला असतो, मग मेसेज जातो त्याला आणि पोरगा इकडे मार्चपर्यंत वाट बघत बसतो. आता परत आलेल्या अर्जांची यादी पत्रकात येते, नावं नाहीत, फक्त अर्ज क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. कुणाची जात, कुणाचं उत्पन्न हे भिंतीवर लागत नाही. ज्यानं कुणी हे सुचवलं त्याला पोरांची कदर आहे.

पत्रक व्हॉट्सअ‍ॅप चॅनलवर येतं, ग्रुपवर नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि आमच्या कितीतरी मुलींना त्या ग्रुपांतून नंबर उचलून अनोळखी मेसेज यायचे, काहींनी त्या पायी ग्रुप सोडले आणि मग सूचनाही बंद झाल्या. चॅनलमध्ये दुसऱ्या फॉलोअर्सना तुमचा नंबर दिसत नाही, आणि गुड मॉर्निंगची फुलं टाकायलाही कुणी येत नाही. हॉस्टेलवरच्या मुलींनी मला सांगितलं, सर आता आम्ही म्यूट करत नाही.

पावसातला एक दिवस मात्र कायम लक्षात राहील. गोदावरीला पाणी चढलेलं, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू, नाशिककर ज्याच्यावरून पूर मोजतात त्या नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आल्याचे व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर, आणि त्यात ‘उद्या सर्व शाळा-कॉलेजांना सुट्टी’ असं एक पत्र फिरायला लागलं. सही-शिक्का सगळं होतं, फक्त तारीख आदल्या वर्षीची, तीही कडेला कापलेली. पूर्वी असं झालं की अर्धी पोरं घरी, अर्धी कॉलेजात, आणि आम्ही एकमेकांना फोन लावत बसायचो. ह्या वेळी संध्याकाळी ७ वाजता चॅनलवर तीन ओळी आल्या, की फिरतंय ते पत्र जुनं आहे, सुट्टीचा आदेश आलेला नाही, उद्या कॉलेज सुरू, पण नदीकाठच्या आणि पेठ-हरसूलकडून येणाऱ्यांनी रस्ता बघूनच निघा, त्यांची गैरहजेरी लावली जाणार नाही. रात्री साडेनऊला खरोखरचा आदेश आला तेव्हा तोही लगेच टाकला, आधीचा मेसेज न खोडता, त्याच्याखाली वेळ घालून. त्यामुळे विश्वास बसला. २०२७च्या कुंभमेळ्यात रस्ते बंद, बसचे मार्ग बदललेले, परीक्षा पुढेमागे, हे सगळं होणारच आहे, तेव्हा ही सवय आत्ताच लागलेली बरी.

स्टाफसाठी गुरुवारी वेगळं पत्रक असतं. पेपर तपासणीचं वेळापत्रक, सुपरव्हिजनच्या ड्युट्या, नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, कुठल्या विभागाची कुठली फाइल बाकी, असं. त्यात शेवटी ‘आपली माणसं’ म्हणून छोटी जागा असते आणि खरं सांगू का, मी आधी तीच वाचतो. ऑगस्टमध्ये आमच्या प्रयोगशाळेतले मामा निवृत्त झाले, त्यांच्याबद्दल सहा ओळी आल्या होत्या, की पावसाळ्यात नकाशांना बुरशी लागू नये म्हणून मामा दर शनिवारी सगळे नकाशे खाली उतरवून पुसायचे, हे कुणी सांगितलेलं नसताना. मी इतकी वर्षं ते नकाशे वापरले पण मला हे माहीत नव्हतं. मामांनी ते पान कापून पाकिटात ठेवलंय, मला दाखवलं.

आता जे खटकतं ते. पहिलं आम्हा सीएचबीवाल्यांचं. स्टाफचं पत्रक कॉलेजच्या ईमेलवर जातं आणि आमची नेमणूक वर्षापुरती म्हणून आम्हाला कॉलेजचा ईमेलच नाही. सुपरव्हिजनची ड्युटी लागलीय हे मला दोन वेळा आदल्या रात्री कळलं, तेही एका कायमस्वरूपी सरांनी मेहेरबानीनं फोन केला म्हणून. सप्टेंबरात आम्ही लेखी दिलं तेव्हा आमचे स्वतःचे ईमेल जोडून घेतले, ते चांगलं झालं, पण दर जूनला नवीन नेमणुका होतात तेव्हा यादी कोण बदलणार ते अजून ठरलेलं नाही.

दुसरं एसएमएसचं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा नेट नाही त्यांना फक्त तारखांचे एसएमएस जातात, कल्पना उत्तम, पण ते इंग्रजीत येतात. विचारलं तर कारण मिळालं की इंग्रजी एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात आणि देवनागरीत ७०च, मजकूर लांबला की दोन मेसेजचे पैसे, शिवाय ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानं प्रत्येक मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. हे सगळं खरं आहे. पण मी बसून मोजलं. ‘परीक्षा फॉर्म: शेवटची तारीख १४ ऑक्टोबर. खिडकी क्र. ३.’ ह्यात काना-मात्रा, जोडाक्षराचे पाय, मोकळ्या जागा सगळं धरून ५३ होतात, एका मेसेजमध्ये आरामात बसतं, आणि तारखेची जागा मोकळी सोडून नमुना एकदा मंजूर करून घेतला की दर वेळी तोच वापरता येतो. गावाकडे तो एसएमएस आई वाचते, बहीण वाचते. त्यांना वाचता येईल असाच हवा.

तिसरं, रविवारचे विद्यार्थी. आमच्याकडे मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी माणसं, पोलिसातले, लग्नानंतर शिकणाऱ्या बायका रविवारी येतात. विद्यापीठ १९८९ पासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणतंय, मुख्यालय इथेच गोवर्धनला, पण आमच्या पत्रकात ह्या मंडळींसाठी पूर्ण सेमिस्टरमध्ये मला दोनच बाबी सापडल्या. एक ताई दोन रविवार वर्गाला आल्या आणि दोन्ही वेळा वर्ग दुसऱ्या इमारतीत हलवलेला, त्यांचा बदली रजेचा दिवस गेला. त्यांना चॅनल आहे हेच कुणी सांगितलेलं नव्हतं, मी जोडून दिलं. प्रवेशाच्या वेळीच पावतीवर त्याचा क्यूआर छापायला काय हरकत आहे?

शोधाशोधीचंही जरा बघा. चॅनलमध्ये मागचं काढायचं म्हणजे वर वर सरकवत जावं लागतं. जुनी पत्रकं कॉलेजच्या वेबसाइटवर आहेत पण महिन्याच्या क्रमानं, विषयानं नाहीत, शिष्यवृत्तीचं सगळं एका जागी मिळालं तर फार सोय होईल.

पाचपैकी मी चार देईन, आणि सीएचबी आणि रविवारवाल्यांचं झालं की पाच. सुरगाण्याचा तो मुलगा आता टी.वाय.ला आहे, ह्या वेळी त्याचा फॉर्म तारखेच्या चार दिवस आधी भरून झाला, चॅनल त्याच्या बहिणीच्या फोनवर आहे.

आणि हो, पत्रकाची छापील प्रत गेटवर, कॅन्टीनजवळ आणि ग्रंथालयाच्या जिन्यात लागते, ज्यांचा फोन बंद आहे ते तिथेच उभं राहून वाचतात. गेटवरची प्रत उघड्यावर आहे, जुलैत ती मंगळवारपर्यंत भिजून शाई उतरायची आणि गेटवरचे मामा बिचारे ऑफिसात जाऊन नवी आणून लावायचे. ते जुनं काचेचं कपाट आता रिकामंच पडलंय, ते उचलून गेटवर बसवा, आणि किल्ली मामांकडे द्या.