हाताला कप सुटला : लॅपटॉप बदलण्याआधीची झाडाझडती

गेल्या पावसाळ्यात छापून आलेल्या एका कथासंग्रहात ‘म्हातारीच्या हाताला कप सुटला’ असं वाक्य आहे. मुद्रितशोधक मी. कंप सुटायचा तो कप सुटला. तीन प्रुफं झाली होती आणि शेवटचा हात मी पडद्यावरच फिरवला होता. नंतर फाइल उघडून बघितली, तर अख्खं पान एका नजरेत दिसेल असं ठेवल्यावर मला चक्क ‘कंप’ दिसत होतं. पान जरा सरकवलं, अनुस्वार जागेवरच राहिला आणि शब्द खाली गेला. टाचणीच्या टोकाएवढा चहाचा वाळका शिंतोडा होता तो! लेखकाने हसून सोडून दिलं. मला मात्र त्या दिवसापासून पडद्यावरचा एकही अनुस्वार खरा वाटत नाही.

पडदा आहे थिंकपॅड टी४५० या लॅपटॉपचा. मॉडेल २०१५ चं, मी घेतला २०१८ मध्ये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून. कुठल्यातरी कंपनीत तीन वर्षं राबून उतरलेला होता, बावीस हजारांना पडला. त्यावर मी किती पुस्तकं तपासली आणि किती जुळवली, हे मोजायचं सोडून दिलंय. याच्यात दोन बॅटऱ्या आहेत, एक पोटात आणि एक मागे. मागची चालू लॅपटॉपची काढून दुसरी बसवता येते, पोटातली तेवढा वेळ सांभाळून घेते. माझ्याकडे मागची जाड बॅटरी आहे, ७२ वॅट-अवरची. ती लावली की लॅपटॉपला मागून टाच दिल्यासारखा कल येतो आणि मनगटाला तो बरा वाटतो. ही सोय २०१८ च्या टी४८० पर्यंत टिकली, पुढच्या वर्षी टी४९० आला तो एकाच आतल्या बॅटरीचा. नव्यात काय काय आलं हे सगळे सांगतात, काय गेलं ते आपणच हुडकायचं.

बदलायचं कारण शिंतोडा नव्हे, तो पुसला. कारण विंडोज. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या मोफत सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, माझा पाचव्या पिढीतला. घरगुती वापरासाठी मिळणारी वर्षभराची मुदतवाढ घेतलीय, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे घाई नाही, पण निवांतपणाही नाही.

भाचा म्हणाला, “मावशी, लिनक्स टाक की, अजून पाच वर्षं पळेल.” पळेल, खरंच पळेल. पण एका जुन्या प्रकाशकाचं सगळं काम श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याचं हार्डवेअर लॉक विंडोजवर चालतंय. युएसबीत खोचायचं एवढंसं डोंगल, पण ते लावल्याशिवाय पंधरा वर्षांपूर्वीची एक ओळ हलत नाही. त्या प्रकाशकाला ‘आता युनिकोडवर या’ म्हणणं म्हणजे सासऱ्यांना ‘धोतर सोडा’ म्हणण्यासारखं आहे.

मग भाच्याने दुसरं काढलं. “घेतेसच तर एनपीयूवाला घे. किमान चाळीस टॉप्स तरी हवेत.”

मी म्हटलं, “चाळीस टॉप्स घालायला कान किती आहेत मला?”

त्याने समजावून सांगितलं. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस’ या एआयवाल्या लॅपटॉपची अट ठेवली : १६ जीबी रॅम आणि सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू, म्हणजे एआयच्या कामासाठीचा वेगळा भाग. ऐकून घेतलं. माझ्या दिवसातलं कुठलं काम त्यामुळे लवकर होईल, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. पाचशे पानांच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणातले चार शब्द वाढले की पुढची सगळी पानं सरकतात, तेव्हा माझा लॅपटॉप श्वास कोंडून बसतो. त्याला लागतो चांगला प्रोसेसर आणि रॅम. टॉप्स कानातच बरे.

आता कळफलक. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्याबद्दल, कारण परीक्षणं लिहिणारे बहुतेक सगळे इंग्रजीत टाइप करतात. मी इन्स्क्रिप्ट वापरते, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. इंग्रजीत अर्धविरामाची जी कळ, तिच्यावर आमचा च. अवतरणचिन्हाच्या कळीवर ट. चौकटी कंसावर ड. इंग्रजीवाल्याला या कळा अधूनमधून लागतात, म्हणून जागा कमी पडली की लॅपटॉप बनवणारे पहिली कात्री उजव्या कडेला लावतात. कंसाच्या कळा चिंचोळ्या होतात, एंटर अंगावर येतो. मग ‘डोंबिवली’ लिहिताना पहिलंच अक्षर चुकतं! मी डोंबिवलीत राहते, मला ते दिवसातून चारदा लिहावं लागतं.

शिफ्टचंही तसंच. ख, घ, थ, ध, फ, भ हे सगळे महाप्राण शिफ्ट दाबून. ण आणि ळ शिफ्टने. श शिफ्टने. ‘ऱ्हास’ किंवा ‘दुसऱ्या’ लिहायचं तर आधी शिफ्टसह जे दाबून ऱ, मग हलन्त, मग पुढचं अक्षर. क्ष, ज्ञ, त्र, श्र वरच्या आकड्यांच्या ओळीत, तेही शिफ्टनेच. मराठी टंकलेखकाच्या दोन्ही करंगळ्या दिवसभर शिफ्टवर बसलेल्या असतात. उजवी शिफ्ट अर्ध्या लांबीची केली की वाक्यावाक्याला ठेच लागते. दुकानात गेलात तर आधी उजवी शिफ्ट बोटाने मोजा, प्रोसेसर नंतर विचारा.

आकड्यांचा वेगळा पॅड मला नको. हिशेबनिसांना हवा असेल, हरकत नाही. पण तो आला की अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो, आपण पडद्याच्या मध्याशी बसलो तर हात वाकडे आणि हातांशी बसलो तर मान वाकडी. नवी कोपायलटची कळ तर बऱ्याच लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी येऊन बसलीय. थिंकपॅडच्या कळफलकात मधोमध असतो तो, बोटाने कर्सर ढकलायचा लाल ठिपका मात्र हवाच. प्रुफात कर्सर दोन अक्षरं मागे न्यायला हात उचलावा लागत नाही, हे सुख वापरल्याशिवाय कळायचं नाही. भाचा त्याला ‘खोडरबर’ म्हणतो.

पडद्याबद्दल गणित केलं. माझा १४ इंची पडदा १३६६ गुणिले ७६८ चा, म्हणजे इंचात ११२ ठिपके. अख्खं पान बसवलं की अनुस्वाराच्या वाट्याला दोनेक ठिपके येतात. चहाचा शिंतोडा त्याहून मोठा! त्याच मापात १९२० गुणिले १२०० घेतला तर इंचात १६२. शिवाय तो सोळाला दहा या आकाराचा, म्हणजे तितक्याच तिरक्या मापात उंचीला अर्ध्या इंचाहून थोडा जास्त. कागदावरच्या मापाने अंदाजे तीन ओळी. सिनेमा बघणाऱ्याला त्या तीन ओळींच्या जागी काळ्या पट्ट्या दिसतील. मला तीन ओळी दिसतील.

आणि पडदा मॅट हवा. चकचकीत पडद्यावर रंग झकास दिसतात, मान्य. पण माझ्या टेबलामागे खिडकी आहे. काळ्या अक्षरांत समोरच्या इमारतीची वाळत घातलेली चादर दिसायला लागली की ऱ्हस्व-दीर्घ कुठलं बघणार?

मॅकबुक एअरचा आग्रह भाच्याने बराच धरला. बॅटरी दिवसभर, पंखाच नाही त्यामुळे आवाज नाही, वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सर्वात स्वस्त मॉडेललाही १६ जीबी रॅम. त्याच्या कामाला एक नंबर. पण त्याला युएसबीची जुनी रुंद खाच नाही, सगळं टाइप-सी. माझं डोंगल रुंद, पेनड्राइव्ह रुंद, आणि छापखान्यातला माणूस अजूनही “पीडीएफ पेनड्राइव्हवर आणा” म्हणतो. “हब घे ना,” म्हणे. घेतला होता एकदा, फूटपाथवरचा, बिननावाचा. फाइल चढवताना त्याला नुसता धक्का लागला आणि पुस्तकाच्या २४ फर्म्यांपैकी (फर्मा म्हणजे एकत्र छापायचा पानांचा गठ्ठा) ११ फर्मेच छापखान्यात पोचले. खाच लॅपटॉपलाच हवी, दोन असल्या तर उत्तम. चार्जिंग मात्र टाइप-सीने व्हावं. एक चार्जर विसरले तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी चालेल.

रॅम. टी४५० आणला तेव्हा ४ जीबी होती. टाळेबंदीत घरीच बसून मागचं झाकण उघडलं आणि रिकाम्या खाचेत ८ ची पट्टी बसवली. बारा झाली, लॅपटॉपला नवा जन्म मिळाला. हल्ली पुष्कळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाखलेली असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजात बसवलेली, १६ नाहीतर ३२, नंतर काही करता येत नाही. याने बॅटरी जास्त टिकते, हे खोटं नाही. पण २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव असे चढले की आज ३२ जीबीचे पैसे मोजणं जिवावर येतं, आणि १६ घेऊन कायमचं अडकणंही. एक खाच असावी. भाव उतरले की बघू.

कॅमेरा कसाही चालेल, मला बघून कुणी लग्न ठरवणार नाहीये. टचस्क्रीन नको, बोटांचे डाग पडतात आणि डागांबद्दल वर सांगितलंच आहे.

तर ही यादी घेऊन मागच्या मंगळवारी दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोडला उतरले. नवा थिंकपॅड टी१४ पाचव्या पिढीचा माझ्या यादीत तंतोतंत बसतो. रॅमला दोन खाचा, डाखलेलं काही नाही, आणि बॅटरी स्वतः बदलता येईल अशी. २०२४ च्या त्या पिढीपासून डाव्या कोपऱ्यात एफएनऐवजी कंट्रोलची कळ आलीय, म्हणजे इतक्या वर्षांची माझ्या करंगळीची सवय मोडणार. पण नवा घ्यायचा तर लाखाच्या पुढची गोष्ट. म्हणून मी बघत होते तिसऱ्या पिढीचा, २०२२ चा, इंटेलवाला. पडदा सोळाला दहा, रुंद युएसबी दोन, रॅमची एक खाच मोकळी. कंपन्यांतून तीन वर्षांनी उतरलेले आता बाजारात येऊ लागलेत.

दुकानदार पोरगा म्हणाला, “मॅडम, एकदम मख्खन पीस आहे.” मी डोंगल लावलं. लागलं. मराठी कळफलक निवडला आणि एकच वाक्य टाइप केलं : म्हातारीच्या हाताला कंप सुटला. पोरगा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ते पान अख्खं बसवून क च्या डोक्यावरचा ठिपका नखाने खरवडून बघितला. गेला नाही.

“काय झालं, डाग आहे का?”

“नाही, अनुस्वार आहे.”

मग काळ्या खिडकीत बॅटरीचा अहवाल काढायला लावला. सेकंडहँड घेणाऱ्याने हे करावंच. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’, असं इंग्रजीत टाइप केलं की एक पान तयार होतं. त्यात बॅटरी मुळात केवढी आणि आता किती भरते हे दोन्ही आकडे असतात. मुळातली ५२.५ वॅट-अवर, आता भरते ३३. तीन वर्षं वापरलेल्या बॅटरीला हे साहजिकच, पण मग भाव मख्खनचा कशाला? तो अठ्ठेचाळीस म्हणाला, मी बेचाळीस आणि नवी बॅटरी म्हटलं. त्याने शेठला फोन लावला, पाठ वळवून बराच वेळ बोलला. शेवटी पंचेचाळीस आणि बॅटरी, पण बॅटरी यायला आठवडा लागेल.

“आठवड्याने फोन करा,” म्हटलं आणि परतीची गाडी पकडली. अजून फोन आलेला नाही. तोवर टी४५० चा पडदा रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते, आणि चहा खिडकीत ठेवते.