कोपरखैरणेचं लाइव्ह फीड युनिट: एंजलफिशची पिल्लं वाढवायची असतील तर इथे जा

ठाणे-नवी मुंबईत खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे आता बरेच झालेत, क्लाउनफिशची पिल्लं घरी वाढवणारेही ओळखीत आहेत, पण एंजलचं नाव काढलं की सगळे हात टेकतात, आणि त्याचं कारण मासा नाही, कारण आहे पिल्लांचं पहिलं खाणं. ते खाणं जिवंत, बरोबर साइजचं आणि ज्या दिवशी लागतं त्याच दिवशी देणारं आपल्या भागात मला एकच ठिकाण सापडलंय. कोपरखैरणेत एका रो-हाऊसच्या तळमजल्यावर, बाहेर बोर्ड वगैरे काही नाही, एक रिटायर्ड काका आणि त्यांची सून मिळून चालवतात. हा रिव्ह्यू त्यांच्या कोपेपॉड कल्चरचा (कोपेपॉड म्हणजे पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव, कल्चर म्हणजे त्यांची जोपासना) आणि एकूण सर्व्हिसचा. पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

आधी हे का लागतं ते सांगायलाच हवं, नाहीतर किंमत ऐकून लोक पळतात. क्लाउनफिश अंडी दगडाला चिकटवतो, बाप राखण करत बसतो, आणि पिल्लू बाहेर येतं ते डोळे-तोंड घेऊनच येतं, रोटिफर (डोळ्याला जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव) टाकले की खायला लागतं. एंजलचं सगळंच वेगळं. माझ्याकडे कोरल ब्युटी या छोट्या एंजलची जोडी आहे, संध्याकाळी लाइट मंद व्हायला लागले की नर मादीच्या पोटाला तोंड लावून तिला वर वर नेतो आणि पृष्ठभागाजवळ एका झटक्यात अंडी सुटतात, एकेक अंडं पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर, तरंगणारं. दुसऱ्या दिवशी ती फुटतात. जे बाहेर येतं त्याला ना कामाचे डोळे ना तोंड, नुसता पारदर्शक धागा आणि पोटाला बलकाची पिशवी. तिसऱ्या दिवसाच्या आसपास डोळे काळे होतात, तोंड उघडतं, आणि तिथून पुढच्या दोनेक दिवसांत पोटात काही गेलं नाही तर सगळी बॅच संपते. एवढ्याशा तोंडात आर्टेमियाचं (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाचं) पिल्लू जाणं शक्यच नाही, ते अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास असतं, आणि या छोट्या, सेंट्रोपायजी गटातल्या एंजलना बारीक जातीचा रोटिफरसुद्धा बहुतेक वेळा मोठा पडतो. लागतात ते पार्वोकॅलेनस नावाच्या कोपेपॉडचे नुकतेच जन्मलेले नॉप्ली, म्हणजे पिल्लं, ७५ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळीतून आरामात निघून जाणारे.

अमेरिकी समुद्री जीवशास्त्रज्ञ मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकात फ्लोरिडात फ्रेंच आणि ग्रे एंजल वाढवून दाखवले होते, पण ते मोठ्या जातीचे. छोट्या एंजलसाठी २००० नंतरची वाट बघावी लागली, तेव्हा हवाईत मासे वाढवणारे फ्रँक बेन्श यांनी ते जमवलं, आणि जमलं ते पहिल्या खाण्याचा प्रश्न सुटला म्हणून. आज बालीच्या बाली अ‍ॅक्वारिचमधून हॅचरीत वाढलेले मोठ्या जातीचे एंजल विक्रीला येतात. नाहीतर आपल्याकडच्या दुकानात दिसणारे बहुतेक एंजल अजूनही समुद्रातून पकडलेलेच असतात, काही ठिकाणी तर सायनाइड मारून, म्हणून मला हे घरी जमवणं इतकं महत्त्वाचं वाटतं.

आता मुद्द्यावर येते. बाजारात ‘कोपेपॉड’ म्हणून जी बाटली मिळते ती नव्वद टक्के आपल्या कामाची नसते, हे प्लीज लक्षात ठेवा. एका दुकानातून (नाव लिहीत नाही) मला टिग्रिओपस नावाचा दुसराच कोपेपॉड देण्यात आला, वर ‘लार्व्हासाठी बेस्ट’ असंही ऐकवलं. टिग्रिओपस काय किंवा टिस्बे काय, मँडरिन माशाला खायला उत्तम, पण त्यांची पिल्लं तळाला आणि काचेला चिकटून रांगतात, एंजलचं पिल्लू मधल्या पाण्यात तरंगत असतं, दोघांची गाठ पडणार कुठे? पार्वोकॅलेनस आयुष्यभर पाण्यात पोहत राहतो, अंडीही पाण्यातच सोडतो, म्हणून तोच पाहिजे. काकांना मी फोनवर फक्त ‘कोपेपॉड आहेत का’ एवढंच विचारलं तर त्यांचा पहिला प्रश्न, “कोणत्या माशासाठी, आणि अंडी कधी पडली?” तिथेच विश्वास बसला.

युनिट म्हणजे एसी लावलेली एक खोली, एका भिंतीला आयसोक्रायसिस शेवाळाच्या सोनेरी-तपकिरी बरण्या ओळीने, दुसऱ्या बाजूला कोपेपॉडचे ड्रम. हा कोपेपॉड जिवंत शेवाळावरच वाढतो, शेवाळाच्या पेस्टवर नीट चालत नाही, म्हणून काकांचं निम्म्याहून जास्त काम शेवाळ सांभाळण्याचंच आहे. काका रबाळे एमआयडीसीत केमिकल कंपनीत लॅबला होते, ती शिस्त अजून आहे, शेवाळाच्या खोलीतली बादली ड्रमच्या बाजूला नेलेली त्यांना अजिबात चालत नाही. माल देण्याआधी ते सॅम्पल चौकटीवाल्या काउंटिंग स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली मोजतात आणि आपल्यालाही बघायला लावतात. मी बघितलं तर नॉप्ली कढईतल्या मोहरीसारखे तडतड उडत होते, काका म्हणाले, “हे बघ बेटा, असे उडतायत तोवर घे, नुसते तरंगत असले तर माझ्याकडूनही घेऊ नकोस.” मग पिशवीवर मार्करने गाळल्याची वेळ आणि एका मिलीत किती हे लिहून देतात. हे मी दुसरीकडे कुठेही बघितलेलं नाही.

एकदा त्यांच्या ड्रममध्ये रोटिफर शिरले होते, रोटिफर शिरला की तो कोपेपॉडपेक्षा कितीतरी भराभर वाढतो आणि सगळं शेवाळ फस्त करतो. सूनबाईंनी स्वतःहून फोन करून सांगितलं की या आठवड्यात माल देणार नाही, अ‍ॅडव्हान्स परत पाठवते, आणि खरंच पाठवला. दुसरा कोणी असता तर तोच माल गळ्यात मारला असता.

किंमत एक लिटरच्या पिशवीला नऊशे रुपये, शेवाळाची बाटली वेगळी. महाग आहे, पण पिल्लांच्या टबात एका मिलीला पाच-दहा नॉप्ली कायम राहायला हवेत, त्या हिशेबाने एक पिशवी लहान टबाला सुरुवातीला पुरते, पुढे स्वतःचं कल्चर चालू ठेवायचं. अंड्यापासून मोठा कोपेपॉड व्हायला आठवडाभर लागतो, त्यामुळे अंडी पडल्यावर धावत जाऊन उपयोग नाही, आधीपासून तयारी हवी. हेही काकांनीच नीट समजावलं.

रिझल्ट सांगते. पाण्याला आयसोक्रायसिसचा हलका रंग, काळा गोल टब, हवा अगदी थेंब-थेंब. भिंगातून बघत बसले होते, पिल्लू आधी थबकतं, शरीराला बाक देतं आणि एकदम पुढे झेप घेतं, आणि मग त्या पारदर्शक पोटात काळपट ठिपका दिसतो, तो दिसला तेव्हा मी अक्षरशः ओरडले, घरातले सगळे धावत आले. सध्याच्या बॅचमधली पिल्लं पाचव्या दिवसाची खिंड ओलांडून बरीच पुढे गेलीत, शेपटीचं टोक वर वळायला लागलंय. रंग-रूप येऊन ती खरी एंजल दिसायला दीड-दोन महिने लागतात, तेव्हा अजून बराच पल्ला आहे, पण पहिल्या खाण्याचा प्रश्न या युनिटने सोडवला हे नक्की.

आता तो अर्धा स्टार. डिलिव्हरी त्यांची स्वतःची नाही, आणि पार्सलवाल्याने भर उन्हात पिशवी गाडीवर तापवत ठेवली की आत सगळं मेलेलं असतं, माझ्या बाबतीत झालंय. त्यात काकांचा दोष नाही पण आठवड्यातून एक दिवस तरी ठाण्याला त्यांनी स्वतः माल पाठवावा असं मला मनापासून वाटतं, गिऱ्हाईक आहे इकडे. शिवाय काका दुपारी दोन ते पाच फोन उचलत नाहीत, आणि छापील सूचना काहीच देत नाहीत, सगळं तोंडी, नवीन माणसाचा गोंधळ होणारच.

मी आता ट्रान्स-हार्बरने स्वतः जाते, सकाळची पहिली-दुसरी लोकल, गर्दी उलट्या दिशेने असते त्यामुळे थर्माकोलचा बॉक्स मांडीवर ठेवून येता येतं. बर्फ टाकू नका, बॉक्स गार राहिला की झालं. पिशवी गच्च भरून मागू नका, वर हवेला जागा ठेवायला सांगा, आणि घरी आल्यावर टबाच्या पाण्याशी खारटपणा जुळवूनच सोडा, काकांचं पाणी आपल्या टँकपेक्षा थोडं कमी खारं असतं. ऑर्डर दोन दिवस आधी द्यायची, आणि फोन सूनबाईंच्या नंबरवर करा, त्या लगेच उचलतात.