मार्केटिंगचं प्लेसमेंट वर्ष: मोठा ब्रँड, छोटी एजन्सी की थेट पदवी?

ब्रिटनमध्ये मार्केटिंग शिकणाऱ्या मुलांसमोर दुसऱ्या वर्षाच्या तोंडावरच एक प्रश्न येऊन उभा राहतो. तीन वर्षांत पदवी घेऊन मोकळं व्हायचं, की मध्ये एक वर्ष एखाद्या कंपनीत पूर्णवेळ काम करायचं (यालाच तिकडे प्लेसमेंट म्हणतात) आणि मग परत येऊन शेवटचं वर्ष पूर्ण करायचं? बाथ, सरे, लॉफबरो, ॲस्टन अशा विद्यापीठांत ही ‘सँडविच’ पदवी कित्येक वर्षं रुळलेली आहे. बारावीनंतर थेट तिकडे गेलेली आपली मुलं, तिथेच वाढलेल्या मराठी घरांतली मुलं आणि इथून पदवी घेऊन एमएससीला जाणारी मुलं, या सगळ्यांनाच हा प्रश्न पडतो. उत्तर मात्र सगळ्यांचं एक नाही.

मी माझं वर्ष एका छोट्या डिजिटल एजन्सीत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं ऑनलाइन मार्केटिंग करून देणाऱ्या ठिकाणी काढलं. त्याच वर्षी माझ्यासोबत राहणारी मैत्रीण एका मोठ्या बिस्किट कंपनीच्या ब्रँड टीममध्ये होती. नंतर नव्याने जाणाऱ्या मुलांशी बोलत राहिले. त्यावरून बनलेलं मत आधीच सांगते: बीएससीला असाल तर जा. एमएससीला असाल तर दहादा विचार करा. आणि जागा निवडताना कंपनीच्या नावाआधी हे बघा की तुमचं काम रोज कोण तपासणार आहे.

जायचं की नाही

न जाण्याची कारणं खोटी नाहीत. एक वर्ष वाढतं. शैक्षणिक कर्ज असेल तर व्याज चढत राहतं. दुसऱ्या वर्षाचे गुण बहुतेक ठिकाणी पदवीत धरले जातात आणि नेमकं त्याच वर्षी तीस-चाळीस अर्ज, ऑनलाइन चाचण्या आणि नकारांच्या ईमेलचा मारा सोसावा लागतो. आणखी एक गोष्ट मुलं हिशेबातच धरत नाहीत. जे मित्र प्लेसमेंटला जात नाहीत, ते तुमच्याआधी पदवी घेऊन निघून जातात. तुम्ही परत येता तेव्हा वर्गातले कितीतरी चेहरे अनोळखी असतात. हे एकटेपण खरं आहे आणि काहींना ते फार जड जातं.

तरीही बीएससीच्या मुलांना मी ‘जा’च म्हणते. पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीच्या जाहिरातीतही अनुभव मागतात आणि तो पदवीच्या आत राहून मिळवायची ही एकमेव मोठी संधी असते. चांगलं काम केलं तर काही कंपन्या शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच पदवीनंतरच्या नोकरीची ऑफर देतात. प्लेसमेंट केलेल्यांना शेवटच्या वर्षी बरे गुण पडतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण ज्यांना प्लेसमेंट मिळते ती मुलं मुळातच मेहनती असतात, त्यामुळे सगळं श्रेय त्या एका वर्षाला देऊ नये. माझ्या डोळ्यांसमोर जो बदल झाला तो वेगळा होता. वीस पानी असाइनमेंट सहज लिहिणारी मुलं वर्षभरात एका पानात म्हणणं मांडायला शिकली, आणि दोन्हींत ते एक पान जास्त अवघड असतं.

एक गैरसमज आधीच काढून टाका: विद्यापीठ तुम्हाला जागा लावून देत नाही. प्लेसमेंट ऑफिस सीव्ही तपासतं, मुलाखतीचा सराव घेतं, जाहिराती पुढे पाठवतं. जागा तुम्हालाच शोधायची असते. मोठ्या कंपन्यांचे अर्ज पुढच्या उन्हाळ्यातल्या जागांसाठी आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून खुले होतात आणि पुरेसे अर्ज आले की अनेकदा तारखेआधीच बंद होतात. छोट्या कंपन्या जानेवारीनंतर, कधी थेट मे-जूनमध्ये जाग्या होतात. म्हणून डिसेंबरमध्ये हातात काहीच नसलं तरी सगळं संपलं असं समजायचं कारण नाही. छोट्या जागांचा हंगाम तर तेव्हा सुरूही झालेला नसतो.

मोठा ब्रँड की छोटी एजन्सी

मैत्रिणीचा सोमवार असा असायचा. सकाळी दुकानांतल्या विक्रीचे आकडे यायचे. अकराच्या आत तिला ब्रँड मॅनेजरसाठी एक पान तयार करायचं असे: टेस्को या सुपरमार्केटमध्ये किती पाकिटं गेली, सेन्सबरीजमध्ये किती, ॲस्डात ऑफर संपल्यावर विक्री किती घसरली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. पहिले दोन-तीन महिने ती वैतागली होती. हेच करायचं होतं तर एखादा एक्सेलचा कोर्स काय वाईट होता, म्हणायची. पण नाताळच्या सुमारास ती आकडा बघूनच सांगायला लागली की अमुक आठवड्यातली घट किमतीमुळे झालेली नाही, माल शेल्फवर पोचलाच नव्हता. ही नजर वर्गात बसून येत नाही.

दुसरं काम पाकिटाच्या आर्टवर्कचं. घटकांच्या यादीत गहू, दूध, सोया असे ॲलर्जीचे पदार्थ बाकीच्यांपेक्षा उठून दिसले पाहिजेत, असा तिथला कायदा आहे. बहुतेक कंपन्या ते ठळक अक्षरांत छापतात. ती प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, घेऊन ओळ न् ओळ तपासायची. मग ते कायदा विभागाकडे, गुणवत्ता विभागाकडे, सेल्सकडे फिरायचं आणि एकेका सहीसाठी आठवडा जायचा. एवढ्याशा पाकिटामागे इतकी माणसं असतात, हे तिला तेव्हा कळलं. अशा कंपनीत नियमांनी बांधलेलं मार्केटिंगही जवळून दिसतं. 5 जानेवारी 2026 पासून ब्रिटनमध्ये जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या अनेक पदार्थांच्या जाहिराती रात्री नऊच्या आधी टीव्हीवर आणि पैसे मोजून ऑनलाइन केव्हाही दाखवायला बंदी आली. नुसत्या ब्रँडची जाहिरात चालते, तो पदार्थ दाखवता येत नाही. मग जाहिरातीत दाखवायचं काय, हा प्रश्न सोडवणाऱ्या खोलीत बसायला मिळणं हे मोठं शिक्षण आहे, तुमचं काम तिथे फक्त टिपणं काढण्याचं असलं तरी.

खटकणारी बाजूही आहे. वर्षभरात तिची स्वतःची म्हणावी अशी एकही मोहीम बाहेर पडली नाही. तिने सुचवलेलं काहीतरी तिच्यानंतर आलेल्या मुलाच्या वर्षात छापून आलं.

माझ्याकडे नेमकं उलटं. पहिल्याच आठवड्यात बागेतलं फर्निचर विकणाऱ्या एका ग्राहक कंपनीचा जाहिरातीचा ईमेल लिहायला मला बसवलं. एकाच ईमेलला विषयाच्या दोन वेगवेगळ्या ओळी लिहायच्या, यादीतल्या थोड्या-थोड्या लोकांना दोन्ही पाठवायच्या, जी जास्त उघडली जाईल ती उरलेल्यांना. संध्याकाळपर्यंत कळायचं की आपली ओळ चालली की पडली. एका वर्षात गुगलच्या जाहिराती, इन्स्टाग्रामचं महिन्याचं कॅलेंडर, वेबसाइटचा मजकूर, ग्राहकाला फोनवर महिन्याचा अहवाल वाचून दाखवणं, सगळ्याला हात लागला. दिवसाची पंधरा-पंधरा मिनिटं टाइमशीटवर ग्राहकाच्या नावे मांडायची सवयही लागली. त्यामुळे कुठल्या कामाला खरोखर किती वेळ जातो याचा अंदाज पक्का झाला.

कमतरताही तितक्याच ठळक होत्या. शिकवायला कुणाला वेळ नव्हता. माझं काम तपासायची जबाबदारी जिच्यावर होती तिच्याकडे स्वतःचेच चार ग्राहक होते. मी लिहिलेलं चांगलं का आणि वाईट का, हे कित्येक आठवडे कुणी सांगितलं नाही. आकडा वर गेला की बरं, खाली आला की शांतता. हिवाळ्यात एक मोठा ग्राहक सोडून गेला आणि कामच आटलं. मोठ्या कंपनीत असं होत नाही, निदान प्लेसमेंटच्या मुलापर्यंत त्याची झळ पोचत नाही.

मग कुणी कुठे जावं? मोठ्या ग्राहकवस्तूंच्या कंपनीत ब्रँड मॅनेजर व्हायचं ठरलेलं असेल तर मोठी कंपनीच निवडा, कारण तिथल्या पदवीधर भरतीत त्याच पद्धतीचा अनुभव असलेल्यांची मांडणी चटकन पटते. नक्की काय करायचं हे ठरत नसेल तर छोटी एजन्सी बरी. एका वर्षात चार-पाच कामांची चव मिळते आणि नको असलेली दोन तरी गळून पडतात. फक्त ‘मार्केटिंग असिस्टंट’ नावाखाली दिवसभर अनोळखी लोकांना विक्रीचे फोन करायला लावणाऱ्या जागा छोट्या कंपन्यांत सापडतात. कामाच्या वर्णनात ‘लीड’ (संभाव्य गिऱ्हाईक) आणि ‘टार्गेट’ हे शब्द फार दिसले तर सावध व्हा.

पैशांचं

मोठ्या कंपन्या साधारण पूर्ण पगार देतात. छोट्या ठिकाणी मात्र एक गोष्ट माहीत असायलाच हवी: अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग म्हणून केलेल्या, एका वर्षापर्यंतच्या प्लेसमेंटला ब्रिटनचा किमान वेतन कायदा लागू होत नाही. म्हणजे अगदी कमी पैशांत, किंवा फुकटही, राबवून घेणं कायद्यात बसू शकतं. माझं स्पष्ट मत आहे की वर्षभराचं बिनपगारी काम स्वीकारू नये. ज्याच्या घरचे वर्षभर भाडं भरू शकतात त्यालाच ते परवडतं.

इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांचं प्लेसमेंट वर्षाचं शुल्क पूर्ण शुल्काच्या 20 टक्क्यांपर्यंतच घेता येतं. 2025-26 मध्ये 9,535 पौंडांच्या जागी 1,905 पौंड. भारतातून गेलेल्यांना ही मर्यादा लागू नाही, प्रत्येक विद्यापीठाचा दर वेगळा, तेव्हा प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्या. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून कौन्सिल टॅक्सची, म्हणजे राहत्या घरावरच्या स्थानिक कराची सूट साधारणपणे प्लेसमेंटच्या वर्षातही चालू राहते, पण त्यासाठी विद्यापीठाचं पत्र हवं. घरात नोकरी करणारा कुणी राहत असेल तर बिल त्याच्या नावे येतं. भाड्याचा हिशेब कराराआधीच बोलून ठेवा.

एमएससीला जाणाऱ्यांसाठी

इथे मी हात आखडता घेते. ‘एमएससी मार्केटिंग, प्लेसमेंटसह’ असा दोन वर्षांचा कोर्स कागदावर फार आकर्षक दिसतो, कारण त्यात ब्रिटनमध्ये पूर्णवेळ काम करायचं एक जास्तीचं वर्ष मिळतं. अडचण वेळेची आहे. सप्टेंबरमध्ये तुम्ही उतरता, बँक खातं आणि खोली यांतच ऑक्टोबर उजाडतो आणि मोठ्या कंपन्यांचे अर्ज तोवर बंद व्हायला लागलेले असतात. शिवाय त्यातल्या बऱ्याच योजना बीएससीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांसाठीच असतात. जागा मिळाली नाही तर विद्यापीठ तुम्हाला एका वर्षाच्या कोर्सवर वळवतं, ते ब्रिटनच्या गृहखात्याला कळवतं आणि व्हिसाची मुदत कमी होते.

एका वर्षाची एमएससी करून ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या व्हिसावर, काम शोधणं हा दुसरा रस्ता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि एमएससीवाल्यांना त्यावर दोन वर्षांऐवजी 18 महिने मिळतील. त्यात जवळपास कुठलीही नोकरी करता येते, विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही. स्टुडंट व्हिसावर मात्र प्लेसमेंट हा कोर्सचा गुण मिळणारा भाग असावा लागतो, नोकरी मध्येच सुटली तर विद्यापीठाला कळवावं लागतं आणि शनिवार-रविवारी कुणाचा लोगो करून देण्यासारखं फ्रीलान्स काम पूर्ण बंद. म्हणून भारतात दोन-तीन वर्षं नोकरी केलेल्यांनी एका वर्षाचाच कोर्स घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं. पदवी संपताक्षणी, काहीच अनुभव नसताना जाणाऱ्याने दोन वर्षांचा घ्यायला हरकत नाही, पण अर्ज विमानात बसण्याआधी, इथूनच सुरू करावेत.

बीएससीच्या मुलांनी प्रवेश घेतानाच प्लेसमेंटसहचा कोर्स निवडावा. नंतर ते वर्ष काढून टाकणं सोपं असतं. मागाहून घालायचं झालं तर व्हिसा वाढवण्याचा खटाटोप आणि खर्च मागे लागतो.

ऑफर हातात आली की मुलाखत घेणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. माझं काम रोज कोण बघणार आणि त्या व्यक्तीकडे आधीच किती माणसं आहेत? मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने केलेलं असं काय आहे जे आज मला बाहेर बघायला मिळेल? आणि त्या विद्यार्थ्याशी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? चांगल्या ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला लगेच नंबर मिळतो. टाळाटाळ झाली तर सही करण्याआधी प्लेसमेंट ऑफिसला जाऊन विचारा की आधीच्या मुलांनी तिथलं वर्ष पूर्ण केलं होतं का.