पद्मिनीचा क्लच: नवा सेट की जुन्या प्लेटला लायनिंग?

जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार बाळगणाऱ्या साताऱ्यातल्या एका काकांचा प्रश्न: क्लच घसरतोय, नवा सेट (क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट) शोधू की जुन्याच प्लेटला लायनिंग (घर्षणाचा थर) मारून घेऊ?

लायनिंग स्वस्त, यात वाद नाही. पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोन्हीकडे तीच. काम लवकर पुन्हा निघालं की बचत गेली.

टिकण्याचं म्हणाल तर आधी जुनी प्लेट हातात घेऊन बघा. मधल्या स्प्रिंगा खुळखुळतात? मधल्या भोकातले दाते (स्प्लाइन) झिजलेत? मग लायनिंगवर पैसे घालू नका. रिव्हेटची डोकी लायनिंगच्या आत बुडालेली हवीत. वर राहिली तर फ्लायव्हील (प्लेट ज्यावर दाबली जाते ते इंजिनाचं चाक) खरवडतात. प्लेट तेलकट असेल तर आधी तेल गळणारं सील बदला, नाहीतर नवा सेटही घसरणारच.

नव्या सेटसाठी वणवण आहे. गाडी बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. डब्यावर ‘पद्मिनी’ छापलंय एवढ्यावर विसंबू नका. व्यास आणि दाते जुन्या प्लेटशी ताडून घ्या. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) दोन्ही वेळी नवंच. (तिथे पैसे वाचवणारे मला कळत नाहीत.)

रविवारी पोवई नाक्यापर्यंत फेरी एवढंच असेल आणि प्रेशर प्लेट धड असेल, तर लायनिंग पुरे. खंबाटकी, पसरणीसारखे घाट चढायचे असतील तर सेटच शोधा.