‘टेलिकन्व्हर्टर’ म्हणून गळ्यात मारली जाणारी पुढची काच

१८-५५ किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबतच येणाऱ्या साध्या झूमच्या) कॅमेऱ्याबरोबर दोन जोड-लेन्स फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळतात. खोक्यावर ‘०.४३ एक्स वाइड अँगल विथ मॅक्रो’, ‘२.२ एक्स टेलिफोटो’ आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘प्रोफेशनल एचडी’. विक्रीच्या वर्णनात मात्र त्या दुसऱ्या नगाला टेलिकन्व्हर्टर म्हटलेलं असतं. सगळी फसवणूक त्या एका शब्दात आहे.

टेलिकन्व्हर्टर बॉडी आणि लेन्स यांच्या मध्ये बसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना माउंट (बॉडीला लेन्स अडकवायचं कडं) असतं, आणि १.४ एक्सला एक, २ एक्सला दोन स्टॉप उजेड जातो; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. एफ-नंबर, म्हणजे लेन्स किती उजेड आत घेते त्याचा आकडा, जितका मोठा तितका उजेड कमी: एफ/४ ची लेन्स अनुक्रमे एफ/५.६ आणि एफ/८ होते. खोक्यातून निघतो तो नग लेन्सच्या पुढे, फिल्टरच्या आट्यांवर फिरवून बसवायचा. विक्रेता सांगतो, ‘आमच्यात उजेड अजिबात कमी होत नाही.’ हे खोटं नाही, म्हणूनच ते पचतं. पुढे लागणाऱ्या अशा जोडाने एफ-नंबर बदलत नाही, जातो तो शार्पनेस.

फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला की दिसतं ते असं: मधला भाग जरा मऊ, कोपरे फरफटल्यासारखे, आणि आभाळावर आलेल्या फांदीच्या एका कडेला जांभळी, दुसरीला हिरवी रेघ. प्रत्येक रंगाचा उजेड काचेतून थोडा वेगळा वाकतो. ते सावरायला वेगवेगळ्या जातीच्या काचा जोडाव्या लागतात आणि खर्च तिथेच येतो. एफ/८ ते एफ/११ वर मऊपणा बराच झाकला जातो, रंगीत रेघा मात्र फारशा कमी होत नाहीत. नमुन्याचे फोटो भर उन्हातले आणि आकाराने लहान करून टाकलेले असतात, ते उगाच नाही. १८ मिमीवर तर काळ्या वर्तुळात अडकलेलं चित्र येतं, त्यामुळे हा नग झूमच्या लांब टोकालाच वापरावा लागतो.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: ‘तुमचा हात हलला असेल.’ अर्धं बरोबर आहे. ५५ मिमी गुणिले २.२ म्हणजे १२१ मिमी, त्यात हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो, आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन अजून ५५ च्याच हिशोबाने हात सावरत असतं. म्हणून चाचणी ट्रायपॉडवरच करायची, म्हणजे ही पळवाट उरत नाही.

छापील वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट चिकटवा. कॅमेरा पानाला समांतर, स्टॅबिलायझेशन बंद, ५५ मिमी, एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून हाताने फोकस करा आणि नुसत्या लेन्सने एक फोटो घ्या. मग कॅमेरा न हलवता जोड लावा आणि फोकस पुन्हा करा, कारण जोड लावल्यावर तो बदलतो. दुसरा फोटो घ्या. पहिल्या फोटोतून दुसऱ्याइतकाच भाग कापा: २४ मेगापिक्सेलमधून जेमतेम ५ उरतील. त्या ५ मध्ये जी अक्षरं वाचता येतात ती जोडाच्या पूर्ण २४ मध्ये वाचता येत नसतील, तर नग परत करा. बरेचदा अशा नगांपेक्षा क्रॉपच, म्हणजे कापलेला फोटोच, जिंकतो.

काच किती आणि कशी आहे हे विकत घेण्याआधीही कळतं. नग ट्यूबलाइटखाली तिरका धरून आत पाहा. हवेला लागलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग नळीचं एक प्रतिबिंब देतो. प्रतिबिंबं पांढरी स्वच्छ असतील तर कोटिंग (परावर्तन कमी करणारा लेप) नाही. हिरवी, जांभळी किंवा निळसर असतील तर आहे. मागच्या बाजूनेही पाहा, कारण पुढच्याच काचेला रंग देऊन भागवलेले नग असतात. अर्थात रंगीत प्रतिबिंब म्हणजे शार्प लेन्स, असंही नाही.

वजनाकडे कुणी लक्ष देत नाही. काही जुन्या किट लेन्समध्ये फोकस करताना पुढची नळीच फिरते. तिच्यावर जड नग लटकवला की ऑटोफोकसची मोटर अडखळते, घरघरते. अशा वेळी आधी लेन्स मॅन्युअलवर टाका, मगच नग फिरवून बसवा.

वाइडवाल्या नगाचा ‘मॅक्रो’ म्हणजे त्याचा मागचा निम्मा भाग, उघडून वेगळा वापरायचा. ते साधं भिंगच असतं. क्लोज-अपच हवं असेल तर दोन-तीन काचा जोडून केलेली, रंगदोष सावरलेली क्लोज-अप लेन्स शोधा. कॅननची ५०० डी ही अशी +२ डायॉप्टरची लेन्स (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद मोजायचं एकक; त्याच नावाचा कॅमेराही आहे, शोधताना गोंधळ होतो), आणि रेनॉक्सची डीसीआर-२५० ही +८ ची. +१, +२, +४, +१० च्या स्वस्त संचात प्रत्येकी एकच भिंग असतं. एकावर एक लावायचीच असतील तर जास्त ताकदीचं लेन्सला लागून.

एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे जवळून फोटो काढण्यासाठी बॉडी आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. तिच्यात काचच नसते, त्यामुळे तिच्यात काचेची फसवणूक नाही. पण विजेचे संपर्क-बिंदू नसलेली ट्यूब घेतली तर कॅननच्या ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडंच राहतं, आणि निकॉनच्या जी लेन्सचं सर्वांत लहान होऊन व्ह्यूफाइंडर अंधारतो.

मापाचा घोळ वेगळाच. १८-५५ पाहून ५५ मिमीचा नग मागवला जातो. ५५ ही फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स किती लांबचं जवळ आणते त्याचा आकडा. आट्यांचं माप लेन्सच्या पुढच्या कड्यावर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला, तिरप्या रेघेने कापलेल्या वर्तुळाच्या खुणेपुढे लिहिलेलं असतं: ५२, ५५, ५८ वगैरे.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ ठेवा आणि परतीची मुदत संपायच्या आत वरची चाचणी उरका. तक्रारीत ‘फोटो चांगले येत नाहीत’ असं लिहिलंत की उत्तर ‘वापरायला शिका’ असंच येणार. त्याऐवजी लिहा: ‘वर्णनात टेलिकन्व्हर्टर म्हटलं आहे, आलेला नग फिल्टरच्या आट्यांवर बसतो, त्याला माउंट नाही.’ सोबत वर्णनाचा स्क्रीनशॉट, नगाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि वर्तमानपत्राचे दोन्ही क्रॉप जोडा.